पॅनेलमधला चौथा माणूस

१२ जून, शुक्रवार

दुरुस्ती. मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीला पॅनेलमध्ये तिघे होते असं मी काल लिहिलं. ते चूक आहे. चौघे होते. चौथे गृहस्थ शिडीवर उभे राहून ट्यूबलाइट बदलत होते. रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे म्हणून ती खोटी असावी असं नाही.

त्यांना मी आत शिरताच ओळखलं. ऐन मुलाखतीत दिवा बदलायला कोणी येतं का? सहावीपर्यंत मी घरीच शिकले. जेवणाच्या टेबलावर आई भाषा शिकवायची आणि बाबा बाकी सगळं. बाबांच्या प्रत्येक प्रश्नात काहीतरी खोच असायची. प्रश्न सरळ दिसला की आधी सावध व्हायचं, हे मला पाढ्यांच्याही आधी येत होतं. म्हणून समोरच्या मॅडमनी डॉक्टर का व्हायचंय असं विचारल्यावर मी शिडीकडे बघून उत्तर दिलं. सगळीच उत्तरं तिकडे बघून दिली. मॅडम दोनदा म्हणाल्या, आम्ही इकडे बसलोय हं. मी बधले नाही. शेवटी शिडीवरचे म्हणाले, ताई, जरा सरका, अंगावर पडेल काहीतरी. प्रसंगावधानाची परीक्षा! मी ताबडतोब सरकले आणि संधीबद्दल त्यांचे आभार मानले.

एकंदरीत उत्तम.

१३ जून

घरी सविस्तर सांगितलं. आई म्हणाली, अगं बाई, वायरमन असेल तो! दादा म्हणाला, मग ॲडमिशन झालीच म्हणायची, सोमवारपासून शिडी धरायला जा. बाबा हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, दिवा पेटला का शेवटी? म्हटलं, पेटला. त्यावर गप्प. बाबांच्या गप्प बसण्यातही काहीतरी असतं. सापडलं की लिहीन.

संकल्प: यापुढे कोणावरही उगाच संशय घ्यायचा नाही. सबळ कारण असेल तरच.

१६ जून

कॉलेजातून फोन. दुसऱ्या फेरीला बोलावलंय. चौथ्या गृहस्थांनी शब्द टाकलेला दिसतो. आईच्या मते सगळ्यांनाच बोलावलंय. असेल. पण यात घसरले तर अख्खं वर्ष वाया, हे कोणीच मोठ्याने म्हणत नाही. म्हणजे सगळे तेच बोलत असणार, माझ्यामागे.

या फेरीत एक बाई पेशंटचं सोंग घेऊन बसणार आणि तिच्याशी बोलायचं. मावशी वॉर्डात सिस्टर आहे, तिला विचारलं. म्हणाली, पेशंट सांगेल ते नीट ऐकून घे, बाकी काही करू नकोस. इतकं सोपं? मावशीला आतलं काहीतरी ठाऊक आहे आणि ती सांगत नाहीये.

१९ जून, संध्याकाळ

झाली फेरी. बाई म्हणाली, पोटात दुखतंय. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, कशावरून म्हणजे? दुखतंय! मी विचारलं, मग मघाशी दारात हसत का होतात? तिने घाईघाईने पोट धरलं. मी लगेच दाखवून दिलं की आधी उजवीकडे धरलं होतं, आता डावीकडे. ती रडवेली झाली. म्हणाली, बाई गं, मला शिकवलंय तेवढं तरी बोलू दे. मी सोडलं नाही. अखेर तिने कबूल केलं की तिला काहीही झालेलं नाही.

निदान अचूक. कोपऱ्यातले परीक्षक डोळे मिटून बसले होते. समाधानाने, बहुधा.

२२ जून

स्टेथोस्कोप आताच घेऊन ठेवावा का? मावशी म्हणाली, थांब जरा. का थांब?

२६ जून, शुक्रवार

यादी लागली. माझं नाव नाही. प्रतीक्षा यादीतही नाही. वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.

ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी शेरा वाचून दाखवला: अभ्यास उत्तम, रुग्णाचं ऐकून घेत नाही. मी विचारलं, नक्की माझाच का? त्या म्हणाल्या, हो बाळ, तुझाच. त्या बाळ म्हणाल्या म्हणून रडू आलं, नाहीतर आलं नसतं.

दादा दिवसभर एकदाही चिडवायला आला नाही. त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळलं. संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले, पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, मी तुला नको ते शिकवलं का गं? या प्रश्नात मी बराच वेळ खोच शोधली. नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार. तोवर मावशी म्हणते, वॉर्डात येत जा. औषधं द्यायची नाहीत, काही विचारायचं नाही. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांच्याजवळ बसायचं आणि ते बोलतील ते ऐकायचं. यात तिचा काय फायदा, ते अजून लक्षात आलेलं नाही.

तरी जाणार. सोमवार, २९ जून, सकाळची पाळी.