पन्नास मिनिटांचा परिचय

शिकागो,
१८ मे

ती. ताईस,

ज्ञानदेवचा सप्रेम जयभीम. पाकीट पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन हाताशी असताना कागद-पेन घेऊन, तुझ्या डोळ्यांना वाचता येईल असं मोठं अक्षर काढत बसलो, कारण फोनवर काही सांगितलं की तुझ्या शेजारी बसलेला नंदू ऐकतो, आणि नंदूने ऐकलेलं इंदोऱ्यापासून बुटीबोरीपर्यंत पोचतं. (त्याला सांग, मामा रागावलेला नाही. फक्त ओळखून आहे.) तुझ्या गुडघ्याचं कसं काय? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला अमेरिकेची म्हणून दाखवतेस? साखर तपासलीस का? तपासली नसशील. मोठी बहीण असल्यामुळे तुला कोणी बोलत नाही, पण मी लिहू शकतो.

तुझा व्हॉइस मेसेज पोचला. चार मिनिटांचा आहे. पहिली दोन मिनिटं आमच्या अतुलने जेवणाच्या टेबलावर स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवली, पुढची दोन मी बाथरूममध्ये जाऊन एकट्याने ऐकली. ‘काहून रे ज्ञानदेवा, त्या गोऱ्याचं एवढं काय कवतिक करून राहिला होता? लोकं उठून गेले म्हणते नंदू!’ हे वाक्य तर माझ्या सुनेला, सोनलला, पाठ झालंय. तर तुझ्या माहितीसाठी: इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या संमेलनात मी प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून द्यायला उभा राहिलो, पाच मिनिटांचा परिचय पन्नास मिनिटं चालला, पाहुण्यांना भाषण करायला वेळच उरला नाही, आणि एवढं करून मी पाहुण्यांच्या लग्नापर्यंतच पोचलो, हे सगळं खरं आहे. पण लोक उठून गेले हे नंदूने पदरचं घातलं. उठून कोणी गेलं नाही. अकरा जण चहा झाला का ते बघायला गेले आणि परत आले नाहीत, एवढंच.

आता पाहुणा कोण ते सांगतो. फर्गस मकाल्पिन, वय ब्याऐंशी, स्कॉटलंडचा नाट्यदिग्दर्शक. मी त्याला फर्गसभाऊ म्हणतो आणि त्याला ते फार आवडतं. इथे डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा दुकानासमोर बसथांबा आहे. सोनल गाडीला जागा शोधत गल्ल्या फिरते (इथे भाजी घ्यायला दहा मिनिटं लागतात आणि गाडी लावायला पंचवीस), तोवर मी थांब्याच्या बाकावर बसायचो. हा आधीच बसलेला असायचा. बस आली की ड्रायव्हर दार उघडायचा आणि आम्ही दोघं माना हलवायचो. महिनाभराने ड्रायव्हरांनी दार उघडणं सोडलं आणि आम्ही बोलायला लागलो. त्याचं इंग्रजी ऐकून अमेरिकन माणसंसुद्धा ‘सॉरी?’ म्हणतात. मला एक गोष्ट तिसऱ्या खेपेला कळायची. पण तो प्रत्येक गोष्ट निदान तीनदा सांगायचाच, त्यामुळे आमचं फार छान जमलं. गेल्या वर्षीचे सहा महिने आणि यंदाचे पाच, अकरा महिन्यांत त्याचं अख्खं आयुष्य माझं पाठ झालं.

आणि काय आयुष्य गं! बाप हेरिंग मासे धरणारा. हा बोटीवर पाय ठेवला की ओकायचा, म्हणून बापाने वैतागून नाटकवाल्यांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लावून दिला. खेडोपाडी, बेटाबेटांवर फिरणारी नाटक कंपनी. (म्हणजे गाडी पुन्हा बोटीवरच चढवायची. ओकणं काही चुकलं नाही.) एका हिवाळ्यात दिग्दर्शक तापाने आडवा झाला, ड्रायव्हरने तालीम घेतली, आणि नट म्हणाले, हाच बरा. तिथून पुढे एकशे बारा नाटकं. गावात सभागृह असेल तर तिथे, नसेल तर मेंढ्यांच्या गोठ्यात. मग ग्लासगोच्या एका मोठ्या थिएटरचा मुख्य झाला. तिथे मासे साफ करणाऱ्या बायकांच्या संपावर नाटक केलं, आणि कामाला खऱ्याच मासेवाल्या बायका आणल्या, मासळीसकट. पहिल्या रांगेतल्या बड्या लोकांनी वासाची तक्रार केली. याने दुसऱ्या दिवशी मासळी दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी याला काढून टाकलं. त्याच नाटकाचे कपडे शिवायला शिकागोची एक मुलगी आली होती, रूथ. तिच्याशी लग्न केलं, सत्त्याऐंशी साली तिच्या मागे इकडे आला, आणि इथे एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांचं थिएटर काढून दोघांनी तीस वर्षं चालवलं. रूथ चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. याच गल्लीत दोन खोल्यांत एकटा राहतो.

एकदा मी त्याला आपल्या बाबांचं सांगितलं. जलशात ढोलकी घेऊन कामठीहून गावोगाव पायी जायचे, कुठे पाटलाच्या भीतीने लोक लांबून ऐकायचे, आणि तू त्यांच्या वाटेकडे बघत दारात बसायचीस, ते सगळं. ताई, आजवर मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं, ते ‘वा वा, महान कार्य’ म्हणाले. या माणसाने विचारलं, उजेडाचं काय करायचे? मी म्हटलं, गॅसबत्ती. कुठे टांगायचे? लिंबाच्या फांदीला. मग चेहऱ्यावर सावली पडत असेल, म्हणाला, आणि फांदी किती उंच होती ते मला हाताने दाखवायला लावलं. (त्याने गोठ्यातल्या नाटकाला गाडीचे दिवे लावले होते.) बाबांना जाऊन अडतीस वर्षं झाली. त्यांच्या धंद्यातला माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच नव्या ड्रायव्हरने बस थांबवून दार उघडलं.

आता जे लिहितो ते अतुललाही माहीत नाही. मंडळाची अध्यक्ष संघमित्रा, हुशार पोरगी, हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने आम्हाला बाकावर पाहिलं, मी कौतुकाने ओळख करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी फर्गसभाऊ ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे रंगकर्मी’ म्हणून कार्यक्रमपत्रिकेत छापले गेले. पोरांचं वीस मिनिटांचं नाटकही त्यांनीच बसवायचं ठरलं. तालमी संघमित्राच्या बेसमेंटमध्ये. तालमीत त्याला बोट ठेवायला जागा नव्हती, कोण कुठून येतं, कुणाची कोणती ओळ, सगळं तोंडपाठ. तालीम संपली की मात्र दारात उभा राहायचा आणि घर कुठल्या बाजूला ते मला विचारायचा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की एक गोष्ट तीनदा सांगायची ही त्याची सवय नव्हती. आपण ती सांगितली आहे हे त्याला आठवत नव्हतं. आणि मी मूर्ख, माझ्या इंग्रजीची सोय झाली म्हणून खूश होतो.

संमेलनाच्या दिवशी तो टाय लावून आला. पोरांचं नाटक झकास झालं. (अतुलची अनिका त्यात झाड होती. हलली नाही.) मग त्याचा परिचय आणि त्याचं भाषण. आम्ही विंगेत उभे. त्याने खिशातून कागद काढला, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं भाषण, दोन ओळी वाचल्या आणि मला विचारलं, हे कोणाचं आहे? मी म्हटलं, तुझंच. त्याने पुन्हा वाचलं. मग माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाला, ‘ग्यान, यांना कळू देऊ नकोस.’ आयुष्यभर दुसऱ्यांना उभं कसं राहायचं ते सांगणारा माणूस, ताई, आता कुठे उभं राहायचं ते मला विचारत होता. तब्येत बरी नाही असं जाहीर करता आलं असतं. पण आपल्या मंडळात सात डॉक्टर आहेत. सातही जण स्टेजवर चढले असते, नाडी बघितली असती, आज तारीख काय, वार कोणता, असं विचारलं असतं, आणि समोर ती पोरं बसली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हॉल एका शाळेचा, बरोबर पाचला तिथला माणूस दिवे घालवतो, मग माइकवर कोणीही असो. म्हणजे पन्नास मिनिटं. ‘नाही कळू देणार’ असा मी त्याला शब्द दिला, स्टेजवरच्या खुर्चीत नीट बसवलं आणि माइक हातात घेतला.

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. वीस मिनिटं तर मी स्कॉटलंडचा किनाराच सोडला नाही. वारे, प्रवाह, हेरिंगचं स्थलांतर. संघमित्राची पहिली चिठ्ठी आली: ‘काका, कृपया आवरा.’ दुसरी: ‘आवरा.’ तिसरीवर नुसतीच उद्गारचिन्हं होती. पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी संथपणे प्यायलो. मधेच लोकांनी टाळ्या वाजवून बघितल्या, मी त्यांचे आभार मानले. शेवटी आभारप्रदर्शन करणारा जय नावाचा पोरगा कागद घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वादळात सापडलेल्या बोटीतले प्रवासी कसे कलंडायचे ते त्याच्यावर करून दाखवलं. अतुल तिसऱ्या रांगेत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. बाबांची सात मिनिटंही मी त्यात घातली, कबूल. (स्कॉटलंडच्या माणसाच्या परिचयात कामठी कुठून आली, हा अतुलचा मुख्य आक्षेप आहे.)

पण मी बघत होतो फक्त फर्गसभाऊकडे. तो खुर्चीत पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता, पुढे काय होणार ते माहीत नसलेला माणूस ऐकतो तसा. दुप्पट मासळीला खदाखदा हसला. नोकरी गेली तेव्हा त्याचा चेहरा पडला. रूथ शिवणाची सुई दातात धरून पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिली, तिथे त्याने डोळे मिटले. मी लग्न लावलं आणि दिवे गेले. अंधारात पहिली टाळी त्याची होती. बाकीच्यांच्या टाळ्या सुटकेच्या असतील, मला चालतं. परतताना गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. तोच एकटा बोलला. सुरुवात पकड घेणारी होती म्हणाला, पाणी प्यायलास तिथे मात्र सैल पडलं, पुढच्या प्रयोगात ते काढ.

मंडळाची मीटिंग झाली. यापुढे परिचय लिहून आणायचा आणि अध्यक्षांना आधी दाखवायचा, असा ठराव माझ्यामुळे पास झाला. मी सगळ्यांची माफी मागितली, माइक दिसला की राहवत नाही असं सांगितलं, आणि म्हातारा मास्तर म्हणून त्यांनी सोडून दिलं. खरं कोणालाच सांगितलं नाही, कारण त्याला शब्द दिला होता. तुला सांगितलं, कारण तुझी बोलणी खाऊन गप्प बसणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. नंदूला आशीर्वाद, सूनबाईंना जयभीम, आणि तुझ्या पायांवर डोकं (पण गुडघ्यावर भार न देता).

तुझा,
ज्ञानदेव

ता. क. तू भाषण ऐकायला हवी होतीस. बाबांच्या सात मिनिटांत कोणी चिठ्ठी पाठवली नाही.

ता. क. २. पत्राचं खरं कारण इथे लिहितो, म्हणजे तू दमून शांत झालेली असशील. माझं बारा जूनचं तिकीट आहे. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी हजर असेन असा शब्द मी तुला दिला आहे आणि तू माझ्यासाठी ते दोनदा पुढे ढकललंस. ताई, ते नंदूला सोबत घेऊन करून घे. आणि अतुलला फोन कर. मुक्काम वाढवायचा अर्ज करता येतो, पण तो अतुलच भरू शकतो, आणि सध्या मला विमानात बसवायची त्याला फार घाई आहे. त्याला सांग, इतक्यात तुझा बाप मला इकडे नको. आवाज जरा रागाचा ठेव. तुला ते मनातून जड जाईल, मलाही जातंय.

ता. क. ३. का, ते विचारशील. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाकावर माझी वाट बघत होता. काल तू त्या दिग्दर्शकाचं अर्धंच सांगितलंस, म्हणाला, लग्न झाल्यावर पुढे काय झालं? तेव्हापासून मी रोज थोडं थोडं सांगतो. तो माणूस म्हणजे आपणच, हे त्याला कधी कळतं, कधी कळत नाही. तीन आठवड्यांत मी दोनच वर्षं पुढे सरकलोय. काल एकोणनव्वदची दिवाळी चालू होती, त्यांच्याकडे नसते पण मी घातली. रूथ शिडीवर चढून थिएटरची भिंत रंगवते आहे, आणि मला तिला इतक्यात खाली उतरवायचं नाही.