लाव्हा संपतो तिथे

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी इथे सौदीत, जुबैलला एका रसायन कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आठवीत तुम्ही फ्रान्सच्या मध्यावरचे विझलेले ज्वालामुखी शिकवलेत. मी घडाघडा म्हणून दाखवलं, काळा दगड, कुरणं, गाई, चीज, झरे. तुम्ही विचारलंत, “इतकी गावं लाव्हा संपतो तिथेच का वसली?” मी पुन्हा काळा दगड, कुरणं सुरू केलं. “पाठांतर झालं, आता नकाशा बघ,” म्हणालात, आणि तास संपेपर्यंत मला नकाशासमोर उभं केलंत. फार राग आला होता तुमचा.

गेल्या हिवाळ्यात फ्रान्सच्या त्याच मुलखातला एक सहकारी आणि मी सुट्टी काढून इथल्या पश्चिमेकडच्या लाव्हाच्या पठारावर गेलो. गाडीत तो गावाकडचं सांगत होता. उन्हाळ्यात गाई अजून डोंगरावर चरायला जातात, चीज होतं, झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून लांब लांब विकलं जातं. पण गावातली शाळा बंद पडली, तरुण शहरातल्या टायरच्या कारखान्यात गेले. “आणि मी इथे आलो,” तो म्हणाला. थोड्याच वेळात धारदार दगडांनी आमचे दोन टायर फाडले. स्टेपनी एकच. मोबाइलला रेंज नाही. पाण्याची एक बाटली, माझ्या पिशवीत.

मी म्हणतो, आलो त्या वाटेनं परत जाऊ. “तो रस्ता फार लांब राहिला,” तो म्हणतो. “आमच्याकडे पाणी लाव्हाच्या खालून वाहतं आणि कडेला वर येतं. उताराला लागू.” माझा विश्वास बसत नाही. मग तुमचा नकाशा डोळ्यांसमोर येतो, काळ्या पट्ट्याच्या टोकाशी गावांचे ठिपके. “चल,” मी म्हणतो. आम्ही चालत राहतो. दगड पायाखाली सरकतात, तो दोनदा पडतो, गुडघा फुटतो, लंगडत मागे राहतो. ऊन उतरायला लागतं. शेवटी पंपाचा आवाज आला, मग खजुराची झाडं दिसली. मळ्यावरचा बांगलादेशी कामगार धावत आला. “बैठो भाई, पहले पानी पियो,” म्हणाला.

तुम्ही शिकवलंत ते उपयोगी पडलं, एवढंच लिहायला बसलो होतो. पण तो गुडघा फुटून मागे राहिला होता ना, तेव्हा बाटलीतलं उरलेलं पाणी मी एकट्यानं संपवलं आणि त्याला सांडलं म्हणून सांगितलं. “असू दे,” म्हणाला तो. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहवलं. तो रोज माझ्याच बसनं कामाला येतो.