सळई गार आहे

ता. ९ जानेवारी

चि. सौ. चिमीस,

अनेक आशीर्वाद. तू विणलेली टोपी पोचली. मेहुणेबुवांनी ती आधीच डोक्यावर चढवली, मी बसलो हात चोळत. दोघं एका खोलीत राहायचं म्हणजे असंच.

धक्क्याला दोन थोरली जहाजं लागलीत, एक कोळशाचं, एक कच्च्या लोखंडाचं. त्यामुळे आमची खोली सकाळी काळी, संध्याकाळी तांबडी. माझं काम तेच. कोळशाच्या ढिगांत खोल खोचलेल्या लोखंडी सळया उपसायच्या आणि मुठीत धरून बघायच्या. गार असली तर ठीक. ऊन लागली तर आत कोळसा धुमसतोय, पाणी मारा. तीस वर्षं माझी मूठ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! सप्टेंबरात निवृत्त झालो की येतोच तुझ्या दारी.

एक गंमत सांगतो. तुझे यजमान हल्ली रोज माझ्या मागून ढिगावर चढतात. त्यांचं काम खाली, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर. विचारलं, तर म्हणाले पोट उतरवतोय. मी म्हटलं, पोट राहील तसंच, ढीग मात्र झिजेल. नुसते हसले.

माझ्यासाठी दुसरी टोपी विण. लोभ आहेच, सोबत चार ओळीही येऊ देत.

तुझा, दादा

ता. २ मार्च

चि. चिमीस,

आशीर्वाद. 'सौ.' लिहायला पेन टेकवलं आणि तिथंच अडलं. आठ दिवस तुझ्या घरी राहिलो, पण तोंड उघडवलं नाही. म्हणून लिहितो.

त्या सकाळी पंधरा दिवसांनी पाळी आलेल्या पाच नंबरच्या ढिगाची सळई मी धरली, वहीत 'गार' लिहिलं आणि उतरलो. ढीग आतून जळून पोकळ झाला होता. मागून मेहुणे चढले आणि पायाखालचा कोळसा खचला. बाहेर काढलं, तेव्हा तीच सळई त्यांच्या मुठीत घट्ट होती. ती त्यांनी का धरली, मला अजून उमगत नाही.

सळई गार नव्हती, चिमे. माझी बोटं मेली होती. साखरेच्या दुखण्यानं वर्षभर त्यांना काही कळत नाही. साहेबांना सांगितलं असतं, तर घरी बसवलं असतं. म्हटलं, थोडेच महिने राहिलेत, निभेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना! ती माझी झाकली राहिली आणि तुझं घर उघडं पडलं.

काल साहेबांना सगळं लिहून दिलं. आता तू काय म्हणशील ते. लोभ मागायला तोंड राहिलं नाही.

दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र तीनदा वाचलं. दोन दिवस तुझं तोंडही बघू नये असं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण यांचं डिसेंबरातलं एक पत्र माझ्यापाशी आहे. त्यात लिहिलंय, 'तुझ्या दादाच्या बोटांतला जीव गेलाय. कढत चहाचा पेला खुशाल धरून बसतो, मी हात लावला तर चटका बसला. त्याला विचारावं तर मान खाली जाईल, साहेबांना सांगावं तर नोकरी जाईल. म्हणून सप्टेंबरपर्यंत मागून जाऊन प्रत्येक सळई मीच पुन्हा धरून बघतो. तू याबद्दल अवाक्षर काढू नकोस.'

मी काढलं नाही. तुझी टिंगल वाचून हसलेसुद्धा.

मूठ तू एकट्यानं नाही झाकलीस, दादा. आम्हा दोघांनीही झाकली. रागवायचं तर तिघांवर रागवायला हवं, आणि त्यातल्या एकावर आता रागावताही येत नाही.

सप्टेंबरची वाट बघू नकोस, आत्ताच निघून ये. तुझी टोपी विणून झालीय. येताना यांची घेऊन ये, धुऊ नकोस. चहाचा पेला आधी मी धरून बघेन, मगच तुझ्या हातात देईन.

तुझी, चिमी