शिवणाच्या टेबलावरचा विमानतळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर आहे म्हणून साष्टांग, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू "ठीक आहे" एवढंच लिहिलं होतंस, आणि तुझं "ठीक आहे" मी लहानपणापासून ओळखते. हात मोडला होता तेव्हाही तू तेच म्हणाली होतीस. भाऊजींच्या खोकल्याला आता तरी उतार आहे का? त्यांना म्हणावं, औषधाची बाटली नुसती कपाटात ठेवून गुण येत नाही.

इकडे आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे सकाळी सुखरूप असतो. संध्याकाळी आमचं विमान कोसळतं, मग आम्ही हातपाय धुऊन जेवायला बसतो.

घाबरू नकोस, पहिल्यापासून सांगते. (फोनवर सांगता आलं नसतं, हे शेजारीच असतात.) डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना गाडी चालवायला बंदी केली हे तुला माहीत आहेच. ती मुलगी इतकी गोड बोलली की बंदी झाली हे ह्यांना जिना उतरल्यावर कळलं. गाडी एका नव्या जोडप्याला विकली. हे त्या मुलाला दुसऱ्या गिअरचा स्वभाव समजावून सांगत होते, आणि तो बिचारा "हो काका, हो काका" करत होता. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी हे फाटकाशी उभेच. त्यानंतर ह्यांना काम एकच: खिडकीत बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढायच्या. ज्या माणसाची सगळी नोकरी लिफ्टची तपासणी करण्यात गेली (लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी बोटभर जरी वरखाली झाली तरी हे सही करत नसत), त्याला चुका शोधायला वेळ लागत नाही. पण आवाजात जीव नव्हता, ताई. पुढे पुढे माझ्या भाजीतसुद्धा चुका काढेनात, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

मग तुझ्या टिल्लूने (सहा फुटी मुलाला अजून टिल्लू म्हणतो आपण, त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर तरी म्हणू नये, पण तोंडात बसलंय) तो कॉम्प्युटर जोडून पाठवला आणि त्यात विमान चालवायचा खेळ घालून दिला. त्याचे उपकार कसे फेडू आणि त्याचा कान कसा पिरगळू, अशा दोन्ही इच्छा मला एकदमच होतात. हे आता वैमानिक आहेत. टेबलाला एक दांडा बसवलाय. ओढला की विमान वर, ढकलला की खाली. आणि टेबल कुठलं, तर माझं कापड कापायचं. शिवणाच्या खोलीत तेच एक ऐसपैस म्हणून. शिवणयंत्र दारामागे भिंतीकडे तोंड करून उभं आहे, शाळेतल्या सिस्टरांनी शिक्षा केल्यासारखं. पण भाजीत मीठ कमी आहे हे मी परत ऐकलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मला आता एवढंच हवंय, की हे पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसता कामा नयेत.

रोज संध्याकाळी उड्डाण असतं. मी प्रवासी. मागच्या खुर्चीत बसायचं, मोबाइल बंद करायचा आणि पट्टा बांधायचा. पट्टा म्हणजे माझ्या गाऊनचा. सूचनाही मीच द्यायच्या, कारण ह्यांच्या मते माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं आहे, त्याने प्रवाशांना धीर येतो. (प्रवासी मीच, तेव्हा मीच मला धीर देते.) सिस्टरांनी आपल्याला आरशासमोर उभं करून ओठ गोल करायला शिकवलं, ते याच कामासाठी असेल असं त्यांच्याही स्वप्नात आलं नसेल. सूचना झाल्या की पट्टा सोडून चहा करून आणायचा. हे मान न वळवता "थँक यू" म्हणतात.

आणि ह्यांचं उडवणं खरंच देखणं असतं. डोंगरांच्या कडेकडेने नेतात, समुद्रावर झोकात वळतात, ढगात शिरण्याआधी "जरा हादरे बसतील हं" असं सांगतात. मागून ह्यांची मान बघितली की लग्नानंतर पहिल्यांदा गाडीतून फिरायला नेलं होतं, तेव्हाची मान आठवते. (तेव्हा मी मागे का बसले होते म्हणशील, तर पुढे सासूबाई होत्या.)

अडचण फक्त उतरण्याची. विमानतळ जवळ आला की चित्र अडखळतं. इमारती मातीच्या ढेकळांसारख्या दिसतात, धावपट्टी क्षणभर गोठते, आणि सुटते तेव्हा आम्ही तिच्यात नाक खुपसलेलं असतं. आजवर आम्ही कुठेही पोहोचलेलो नाही. वन्सं राहायला आल्या होत्या, त्यांनाही हौसेने नेलं. खुर्ची जागची हलली नाही तरी त्यांना मळमळलं, आणि कोसळताना त्यांनी माझा हात असा आवळला की अंगठी रुतली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, दादाला जपा. पण त्याच्याबरोबर कुठे जाऊ नका." हे मात्र कोसळले की मागे वळून प्रसन्न चेहऱ्याने "कार्ड" एवढंच म्हणतात आणि पोटभर जेवतात.

आता मुद्द्यावर येते. कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं ते. त्याची मेमरी कमी पडते, असं शेजारच्या दंतवैद्यांनी ह्यांच्या डोक्यात भरवलंय. त्यांच्या स्वतःच्या कार्डाची मेमरी दुप्पट आहे, आत रंगीत दिवे लागतात, आणि त्यावर ते पत्त्यांचा डाव मांडतात व विजेचं बिल भरतात. आठ जीबी म्हणजे हल्ली काहीच नाही हो, सोळा तरी हवेत, असं ते ह्यांना म्हणाले. ज्या सुरात एरवी दाढ काढावी लागेल म्हणतात, त्याच सुरात. तेव्हापासून घरात सोळाचा जप चालू आहे.

मी टिल्लूला फोन केला. पोरगं हुशार आहे, मला समजेल असं सांगितलंन. म्हणाला, "मावशी, कार्डाची मेमरी म्हणजे तुझं कापायचं टेबल. टेबल लहान पडलं की मोठं कापड सारखं उलगडा, घडी घाला, त्यात खोळंबा होतो. तेच तुमचं अडखळणं. पण रुमालच कापायचे असतील तर मोठं टेबल घेऊन काय करशील? आणि टेबल वाढलं म्हणून कात्रीला धार येत नाही." जे सिनेमे जोडतात, ज्यांना भल्या मोठ्या पडद्यावर झाडाचं पानन् पान बघायचं असतं, त्यांनी जरूर घ्यावं, पत्रं लिहिणाऱ्यांनी आणि बिलं भरणाऱ्यांनी घेणं म्हणजे नुसते दिवे बघणं. काकांनी चित्राची प्रत एक पायरी खाली आणली की कापडच लहान होईल, काम भागेल, असंही म्हणाला. मी हे ह्यांना सांगितलं. त्यावर उत्तर आलं की प्रत खाली आणली की झाडं जातात, आणि झाडं तोडून उतरण्यापेक्षा कोसळलेलं बरं.

शिवाय ते मोठं कार्ड आमच्या कॉम्प्युटरच्या पेटीत मावत नाही. मग मोठी पेटी, मग तिला जास्त वीज म्हणून आतला वीजपुरवठा करणारा डबा मोठा, आणि ह्या सगळ्या बारदानापायी माझं शिवणयंत्र खोलीबाहेर. म्हणून विनंती अशी, की टिल्लूने ह्यांना फोन करून तज्ज्ञाच्या आवाजात (म्हणजे जरा हळू आणि थोडं नाकातून) सांगावं की सोळा जीबीची काही गरज नाही.

थोरांना नमस्कार. लहान आता कुणी उरलं नाही, तेव्हा आशीर्वाद टिल्लूलाच, मागचे राहिलेले धरून.

तुझी,
धाकटी

ता. क. शिवणयंत्राचं काही मनावर घेऊ नकोस. गेल्या कित्येक वर्षांत मी उशीचा अभ्रासुद्धा शिवलेला नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. टिल्लू फोन ठेवता ठेवता हसून म्हणाला होता की नव्या कार्डाने अडखळणं कमी होईल, पण विमान काही कार्ड उतरवत नाही. आणि परवा चहा घेता घेता हे म्हणाले, "कार्ड आलं की एकदाचं कळेल." काय कळेल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. चित्र लोण्यासारखं चाललं आणि तरीही कोसळलो, तर दोष कुणाचा? डोळ्यांचा. मग त्या गोड मुलीचं म्हणणं खरं, आणि हे परत खिडकीत. ताई, ह्या आठ जीबीवर आमचं घर उभं आहे. म्हणून टिल्लूने "गरज नाही" म्हणू नये. तेवढ्याने हे चिडून दंतवैद्यांमार्फत मागवतील. "माल संपलाय" म्हणावं, आणि जन्मभर म्हणत राहावं. महिनाअखेरच्या रविवारी दंतवैद्य आमचं उतरणं बघायला येणार आहेत, तोवर तरी नक्कीच.

आणखी एक ता. क. हे वाचलंस की कागद फाडून टाक. डोळ्यांचा दोष मुळीच नाही. दुपारी हे झोपले की मी विमान चालवते. पहिल्या दिवशी धूळ पुसायला गेले होते, दांड्याला हात लागला, आणि धूळ तशीच राहिली. आपण जिन्याच्या पायऱ्यांवर बस-बस खेळायचो तेव्हा तू कायम ड्रायव्हर, आणि मी चालवते म्हटलं की लहान मुलं प्रवासी असतात असं तू सांगायचीस. तर ताई, मी उतरवते. त्याच कार्डावर, सगळ्या झाडांसकट. चित्र माझंही अडखळतं. पण सिस्टर आपल्याला डोक्यावर पुस्तक ठेवून जिना उतरायला लावायच्या ना, आणि पायांकडे बघितलं की पुस्तक पडायचं? नजर लांब ठेव, पाय आपले आपण येतात, असं त्या म्हणायच्या. मी धावपट्टीच्या पार टोकाकडे बघत राहते, आणि विमान पदर सावरून बसावं तसं खाली बसतं. हे मात्र जिथे टेकायचं तिथेच डोळे रोखतात. दोन फरश्यांमधली फट बघण्यात ज्याचा जन्म गेला, तो दुसरीकडे बघणार कसा? आता हे ह्यांना सांगायचं, तर मला कुठून कळलं तेही सांगावं लागेल. म्हणून गप्प आहे.

अगदी शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात हे मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस म्हणून विचारलं. ताईला म्हटलं. मग म्हणाले, टिल्लूला कळव, कार्ड नको. मी आपलं साळसूदपणे का हो असं विचारलं.

"मी दुपारी झोपत नाही ग," हे म्हणाले. "नुसता पडलेला असतो. चाकं टेकल्याचा आवाज येतो. माझ्या वेळी तो कधी येत नाही."

हातातला डिंक वाळून गेला. मग हे खुर्ची ओढून बसले, आणि लिफ्टचा अहवाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "उडवायचं मी. उतरवायचं तू. आणि उतरवताना बघतेस कुठे, ते मला सांगायचं."

तेव्हा टिल्लूने कार्ड पाठवू नये, आणखी एक दांडा पाठवावा. रविवारी दंतवैद्यांसमोर आम्ही दोघं मिळून उतरणार आहोत. ह्यांची अट एकच, की आजवरची सगळी विमानं मेमरी कमी पडल्यामुळेच कोसळली असं टिल्लूने दंतवैद्यांना आणि वन्संना फोनवर छातीठोकपणे सांगायचं. मी कबूल केलंय. पण कार्ड तेच असताना आता ती उतरतात कशी, असं दंतवैद्यांनी उलटून विचारलं तर काय सांगायचं, ते आम्हा दोघांनाही सुचत नाही. शाळेतून उशिरा आलं की आईला सांगायला तू एकाहून एक कारणं काढायचीस. त्यातलं एखादं चांगलंसं रविवारच्या आत कळव.