मॅग्नेटोची सुटी तार

उस्ताद,

हल्ली मॅग्नेटो म्हटलं की समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहतो. तेव्हा उद्यमनगरात मोटारसायकलींच्या, रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनांच्या, आणि धावपट्टीवरच्या फ्लाइंग क्लबच्या त्या एकुलत्या एक शिकाऊ विमानाच्याही मॅग्नेटो तुमच्याच दुरुस्तीच्या बाकावर यायच्या. बॅटरी नाही, काही नाही, आतलं चुंबक फिरलं की आपली आपण ठिणगी पाडणारं ते जडशीळ यंत्र तुम्ही मांडीवर घेऊन बसायचा. मी सव्वीस वर्षांचा, पदवीचा कागद नुकताच हातात पडलेला. मी तुम्हाला ऐकवायचो की उस्ताद, हिचे दिवस भरले, आता मी बनवलेली ट्रान्झिस्टरची पेटी ठिणगी पाडणार, झिजणार नाही की साफ करावी लागणार नाही. तुम्ही चहा बशीत ओतत म्हणायचा, "हाकल की हिला. पर आदी वळीख तरी."

ओळख तुम्हीच करून दिलीत. विजेची कुठलीही वस्तू तार काढली की बंद पडते, मॅग्नेटोचं नेमकं उलटं. तिची तार इंजिनाच्या अंगाला टेकली की ती गप्प, आणि तार सुटी झाली की जिवंत. मी हे वहीत उतरवून घ्यायला लागलो तेव्हा तुम्ही वही मिटून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात की हे हातात बसायला पाहिजे, कागदावर बसून उपयोग नाही. मला राग आला होता. चौथी पास माणसानं माझी वही मिटावी, हे मी दोन दिवस मनात धरून होतो.

विमानाच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. क्लबच्या मुख्य इंजिनिअरनं एक काढून तिथं माझी पेटी लावायला परवानगी दिली, तीही फक्त जमिनीवर चाचणीसाठी, आणि तीही तुम्ही बरोबर असाल तरच. उजळाईवाडीच्या माळावर, धावपट्टीशेजारी, त्या दिवशी वारा इतका होता की शेडचे पत्रे थडथडत होते. पेटीच्या ठिणगीची वेळ जुळवायला विमानाचा पंखा हातानं हळूहळू फिरवावा लागायचा, ते काम तुमचं. मी आत बसून जोडणी करतोय. चावीच्या स्विचवर माझ्या पेटीच्या तारेला जागा हवी आहे, म्हणून मी उरलेल्या मॅग्नेटोची तार तिथून काढतो आणि बाजूला लोंबती सोडतो. मला काहीसुद्धा वाटत नाही. तार काढली म्हणजे बंद, हे माझ्या हाताला कॉलेजनं शिकवलेलं आहे.

पंख्याला हात लावण्याआधी विचारायचं, ही तुमची रीत. उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि उत्तर आलं की पुन्हा तपासायचं नाही, कारण तपासलं तर विचारण्याला अर्थ काय, असं तुम्ही म्हणायचा.

"गप हाय का?" तुम्ही विचारलंत.

"गप आहे," मी म्हणालो.

इंजिनाचा एकच ठोका पडला. पंख्याचं पातं अर्धा फेरा गेलं असेल नसेल, तुमचा उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. मी खाली उतरलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, त्या लोंबत्या तारेकडे बघत होता. मग मुख्य इंजिनिअर धावत आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "माजंच चुकलं सायेब. लक्ष न्हवतं माजं." मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पेटीचं काम त्याच दिवशी बंद झालं असतं, हे तुम्हाला कळत होतं आणि मलाही.

तो हात पुन्हा नीट वळला नाही. स्क्रू ड्रायव्हर धरता येईना, तसा तुमचा बाक गेला. मी मात्र काम पुढे नेलं, आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी वर पाठवलेल्या अर्जात मॅग्नेटो किती धोक्याची असते याचं उदाहरण म्हणून तुमचाच अपघात लिहिला. त्यावरून मंजुरी मिळाली. पेटी उडाली, एक हंगाम चांगली चालली, मग क्लबच बंद झाला आणि ती माझ्या कपाटात आली. पहिलं उड्डाण झालं ते सांगायला मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारलीत. मला रडू येत होतं आणि मी ते आनंदाचं आहे असं दाखवलं. तुम्ही गेल्यावर या गावात माझं यंत्र समजणारा एकही माणूस उरला नाही. खरं सांगायचं तर तेव्हापासून मी कुणाशी मनापासून बोललेलोच नाही.

परवा तुमची मुलगी आली होती. साठी ओलांडली आता, केस तुमच्यासारखेच पुढून विरळ झालेत. चहा झाला, तिच्या नातवाचं कौतुक झालं, आणि निघता निघता तिनं विचारलं. म्हणाली, अपघाताच्या आदल्या दिवशी तिच्या लग्नाची बोलणी मोडली होती, आणि अब्बांचं लक्ष त्यामुळंच नव्हतं असं घरात सगळे धरून चालतात. चुलत्यांनी तर तसं तोंडावर ऐकवलं होतं. "दादा, तुमी तितं हुता. माज्यामुळंच झालं का वो?"

इतकी वर्षं ती हे घेऊन जगली, उस्ताद. मला ठाऊकच नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

मी म्हणालो, तसं काही नाही, त्यांचं वय झालं होतं.

ती बरं म्हणाली. तिला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. तरी मी तिला फाटकापर्यंत सोडून आलो.

हे सगळं तुम्हाला लिहितोय, कारण तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे आणि तुम्हाला लिहायला धाडस लागत नाही. जिला माहीत असायला हवं, तिनं जाताना स्वतःचा पत्ता लिहून दिलाय. तो समोरच आहे. पाकीट मी कोरंच ठेवलंय.