टेकडीवरची चूड

कॅसलरॉक,
१२ नोव्हेंबर १९६६

प्रिय लखू,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. चौथीपर्यंत तुझ्या पाटीवरचं बघूनच मी लिहायचो, त्यामुळे ते अजून तुझ्यासारखंच डावीकडे झुकतं. स्टेशनाजवळचं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. वाडीत भात पिकलंय, राखणीचे माळे उभे राहिलेत. तुझ्या माळ्याची जागा मात्र पाच वर्षं मोकळीच आहे, आणि तिकडे बघायचं मी टाळतो. ज्या रात्रीमुळे तुला वाडी सोडावी लागली तिच्याबद्दल लिहायला बसलोय, आणि बघ, अक्षराच्या गप्पा मारतोय.

एकसष्टच्या कार्तिकात माझे काय उद्योग चालले होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बेळगावच्या जुन्या बाजारातून लष्कराचं मोडीतलं वायरलेस सामान आणून मी एक विमान केलं होतं. हसू नकोस. बांबूच्या कामट्या, वर रेशमी कापड, पुढे मुठीएवढं इंजिन, आणि हातातल्या पेटीचं बटण दाबलं की शेपटी वळायची. पंखांखाली बॅटरीचे दोन दिवे लावले होते, कारण दिवसा उडवायची छाती नव्हती. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि सरहद्द हाकेवर. परवान्याशिवाय वायरलेस सापडलं असतं तर हेर म्हणून उचललंच असतं मला. पण अंधारात ते दिवे आपल्या बोटाच्या इशाऱ्यावर वळताना बघितले ना, की भीतीबिती काही उरायची नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्या रात्री वर असतानाच तेल संपून इंजिन बंद पडलं आणि शेपटी एका बाजूला अडकून बसली. मी बटण दाबत राहिलो, आणि विमान आवाज न करता टेकडीवर, पुंडलिकाच्या माळ्याच्या अंगाला, गोल गोल फिरत खाली आलं. माळ्यावरून पेटत्या गवताची चूड वर-खाली हलवली तर सगळं ठीक, गोल फिरवली तर गवे घुसलेत, धावून या, हे मलाही लहानपणापासून माहीत. पण मी बघत होतो फक्त माझं विमान. तुला त्या दिव्यांत दिसली चूड. तू काठी घेऊन टेकडी चढलास आणि घोरणाऱ्या पुंडलिकाला हाका मारून उठवलंस, तेवढ्यात इकडे तुझ्या राखणीतलं चार घरांचं भात गव्यांनी तुडवलं.

गावकीत तू शपथेवर सांगितलंस, "चूड दिसली म्हणून गेलो." पुंडलिक म्हणाला, "म्या चूड पेटवलीच न्हाई." मग कुणी दारू म्हणालं, कुणी झोप. मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो. करवंदीच्या जाळीत सापडलेलं विमान सकाळीच चुलीत घातलं होतं. चार दिवसांनी गाडीत चढताना तू मला विचारलंस, "वासू, खरं सांग, मलाच भूल पडली व्हय रं?" आणि मी म्हणालो, "पडली असंल." पुढच्याच महिन्यात गोवा सुटला, भीतीचं कारणही गेलं, तरी मी तोंड उघडलं नाही. आधी भीती होती, नंतर नुसती लाज.

परवा रामनगरच्या बाजारात फुलावहिनी भेटली. दांडेलीच्या एका लाकूड वखारीत तुला रात्रीच्या राखणदाराची चांगली नोकरी मिळत होती आणि तू नको म्हणालास, असं सांगत होती. "माझ्या डोळ्यांवर माझाच इस्वास न्हाई, म्हंत्यात," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. काल गावकी जमवून चारही घरांसमोर, पुंडलिकासमोर सगळं सांगितलं. ते मला काय शिक्षा द्यायची ती देतील. तुझी माफी मागायचं तोंड मला नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाहीच. तुला एवढंच कळायला हवं: त्या रात्री टेकडीवर उजेड होता, आणि तो गोलच फिरत होता. सगळी वाडी झोपली होती, लखू. जागा तू एकटाच होतास.

तुझाच,
वासू