लवंगीचं औषध

१२ जून
गाभण! मिलिंद डॉक्टर फलटणहून मशीन घेऊन आले आणि पडद्यावर काळा ठिपका दाखवला — बोराएवढा, सोळा दिवसांचा. आमच्या लवंगी घोडीनं याआधी दोनदा दुसऱ्या महिन्यात टाकलंय. गर्भ धरून ठेवणारं काहीतरी तिच्या रक्तात कमी पडतं म्हणे. त्यासाठी एक तेलकट औषध दिलं, रोज सकाळी तोंडातून. "महिन्यानं परत बघू. आणि ताई, हातमोजे घालूनच द्या हं!"
सात वर्षं झाली माझ्या लग्नाला. गल्लीतल्या बायका म्हणतात, घोडी आणि सून एकाच दावणीच्या. म्हणू देत. लवंगी तरी दाखवेल त्यांना!

१५ जून
हातमोजे चालत नाहीत. रबराचा वास आला की मान झटकते, औषध भुईवर. आज गूळ-कणकेच्या गोळ्यात कालवून उघड्या हातानं भरवलं — तळहात चाटूनपुसून साफ! हातमोजे आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, अळू चिरायला नेले. त्यांना काही वाया गेलेलं खपत नाही.

२६ जून
हे आज रजा संपवून जोधपूरला गेले. घर मोठं वाटतंय.

९ जुलै
पाळी नाही. दहा दिवस वर झाले. माझी कधी चुकत नाही!
पट्टी आणली आणि डब्यात ठेवून दिली. सात वर्षं एकच रेघ बघत आले. या वेळी विचारायचंच नाही.

१४ जुलै
आत्यांना सांगितलं. देव्हाऱ्यापुढं बसून रडल्या, मग दम भरला — "तीन म्हैनं व्हईस्तवर कुणाला बोलायचं न्हाई. दवाखाना न्हाई. आन् त्या डाक्टरला बी घोडीपाशी येऊ द्यायचं न्हाई. मागं दोनदा मशीन लावली, तवाच गेलं तिचं. नजर लागती!"
मी बीएस्सी झालेली. तरी हो म्हटलं. मला खरंच भीती वाटली.

२७ जुलै
शेजारच्या भाऊसोंचा घोडा दुपारी रस्त्यानं खिंकाळत गेला. लवंगीनं कानसुद्धा हलवला नाही. पूर्वी दावं तोडायची! "भरल्याली हाय, ती कशाला बघंल?" — आत्या.
माझ्या हातांवरचा औषधाचा वास जात नाही. साबण, राख, लिंबू, सगळं झालं. भाकरीलाही तोच वास येतो.

५ ऑगस्ट
लवंगीच्या पोटाला कान लावला. काहीच नाही. कोरड्या विहिरीत वाकून ऐकल्यासारखं. मान वर केली तर तिनं माझ्या पोटाला नाक लावलेलं! बराच वेळ हुंगत राहिली. मग फुर्रकन नाक झाडून मागं सरली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हाक मारली तरी वळली नाही.
आत्यांना सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट
मळमळ नाही, डोहाळे नाहीत. लवंगीही गप्प, मीही गप्प. "गुणाचं लेकरू हाय," म्हणतात आत्या.

२९ ऑगस्ट
मिलिंद डॉक्टर भाऊसोंकडं आले होते, ते न बोलावताच इकडं आले. मशीन लावली. पुन्हा पुन्हा फिरवून बघितली.
"ताई, आत काही नाही. कधीच गेलंय. औषधामुळं माजावर आली नाही, म्हणून तुम्हांला गाभण वाटली."
मी तिच्या गळ्यात पडून रडले. बिचारी! निदान माझं तरी नीट होऊ दे.
जाताना त्यांनी विचारलं, "हातमोजे संपले असतील ना?" मी अळूची गोष्ट सांगून हसले. ते हसले नाहीत. माझ्या हातांकडं बघत राहिले. "उद्या बायकांच्या डॉक्टरांकडं जाऊन या. ही बाटली न्या सोबत." कशाला, ते सांगेनात.

३० ऑगस्ट
तशीच मशीन, तसाच काळा पडदा. डॉक्टरबाईंनी बाटलीवरचं वाचलं, मग माझे तळहात बघितले. औषध कातडीतून शिरत होतं, म्हणून पाळी थांबली. आत काही नाही. कधीच नव्हतं.
घरी आले. लवंगीनं सवयीनं हात चाटायला मान पुढं केली. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.